शंभर टक्के तपासणी

निमदेवकाका पोळी मोजतात. किती खाल्ल्या ते मोजणारे पुष्कळ असतात, काका पोळीची जाडी मोजतात. त्यांच्या ताटाशेजारी वाटी, फुलपात्र आणि व्हर्नियर कॅलिपर अशी मांडणी असते. पोळी पानात पडली की तिला तीन ठिकाणी त्या चिमट्यात धरायचं, डोळे बारीक करून आकडा वाचायचा, "हं, पास" म्हणायचं आणि मगच पहिला तुकडा मोडायचा. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा मला ही पाहुण्यांसाठी केलेली गंमत वाटली. मग त्यांनी दुसऱ्या पोळीलाही चिमटा लावला. तिसरी एका कडेला जाड निघाली. ती त्यांनी उचलून काकूंना दाखवली.

"लाटताना तुमचाच विचार करून राहिली होती मी," काकू म्हणाल्या, "हात अडकला तिथं." आणि त्यांनी ती पोळी तूप लावून परत त्यांच्याच पानात टाकली. काकांनी ती मुकाट्यानं खाल्ली. त्या घरात काकांनी नापास केलेला माल पास करण्याचा अधिकार फक्त कुसुमकाकूंना होता.

काकांची सगळी नोकरी जबलपूरमधल्या एका संरक्षण कारखान्यात, तीही इन्स्पेक्शनला गेली. सदतीस वर्षं हा माणूस लोखंडाचे तुकडे हातात घेऊन त्यात खोट शोधत होता. पास, री-वर्क आणि रिजेक्ट, असे तीन शिक्के त्यांच्या टेबलावर असत. निवृत्तीच्या दिवशी शिक्के जमा करावे लागले, पण ते डोक्यात राहिले ते राहिलेच. मी बँकेतल्या बदलीनं साताऱ्याहून इथं आलो आणि त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला जागा मागितली, तेव्हा त्यांनी माझं नाव, गाव, पगार काही विचारलं नाही. मला तीनदा जिना चढायला लावला. स्वतः खाली भिंतीला कान लावून उभे राहिले.

"टाच आपटत नाही," ते आत वळून म्हणाले. "पास."

तेव्हापासून मी त्यांचा भाडेकरू आणि त्यांच्या तोंडी 'बँकवाले'.

त्यांच्याबरोबर बाजारात जाणं ही शिक्षा आहे. मी ती चार वर्षांत बऱ्याचदा भोगली. सदर बाजारातल्या एका दुकानात त्यांनी एका छत्रीसाठी अकरा छत्र्या उघडून बघितल्या. दुकानात भर उन्हाळ्यात अकरा छत्र्या उघडलेल्या आणि मधोमध काका. बडा फुहारा चौकातल्या कापडवाल्याकडे त्यांनी परकराचं कापड दारात नेऊन उन्हात धरलं, ओढलं, चुरगळलं, पुन्हा ओढलं. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "बाबूजी, कपड़ा है, तोप नहीं है." काकांवर परिणाम शून्य. "बाहेरून चकचकीत सगळेच असतात, बँकवाले," ते मला म्हणाले. हे वाक्य ते आठवड्यातून पाचसहा वेळा म्हणतात. टोमॅटोविषयी म्हणतात, नव्या पुलाविषयी म्हणतात, आमच्या बँकेच्या जाहिरातीविषयी तर हमखास म्हणतात.

एकदा आम्ही सगळे ग्वारीघाटावर गेलो होतो. नर्मदेत नावेनं पलीकडे जायचं होतं. काकांनी नाववाल्याला तळाच्या फळ्या उचलून दाखवायला लावल्या. "भैया, यह वाला पटिया भी." नाववाला कुरकुरत एकेक फळी उचलत होता, काका वाकून प्रत्येक सांधा बोटानं चाचपत होते, आणि तेवढ्या वेळात काकू शेजारच्या नावेतून पलीकडे जाऊनही आल्या. वर फुलवालीशी बोलून तिच्या सुनेचं बाळंतपण कधी आहे ते विचारून आल्या. "तुमचं झालं का?" त्यांनी काठावरून हाक मारली. "माझं दर्शन झालं."

काकू अशा होत्या. सगळ्या गल्लीशी बोलणं त्यांचं पायरीवर उभ्याउभ्या चाले. भाजीवाल्याशी हिंदीत भांडण, पलीकडच्या सरदारणीशी लोणच्याची देवाणघेवाण आणि मधूनच वर मान करून मला, "अहो, तुमचा टॉवेल उडून राहिला पाहा!" सकाळी त्यांचा आवाज ऐकल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नसे.

गेल्या पावसाळ्यानंतर तो आवाज हळूहळू कमी झाला. कधीपासून, ते मला सांगता येणार नाही, आणि याची मला लाज वाटते. एक दिवस माझ्या लक्षात आलं की टॉवेल दोन दिवस अंगणात पडून आहे आणि कुणी हाक मारलेली नाही. भाजीवाला दारावरून नुसताच जायला लागला. मी खाली गेलो की काकू हसत, चहा देत आणि आत जात. कारण म्हणावं तर काही नव्हतं. मुलगी पुण्यात सुखी, पेन्शन वेळेवर, गुडघे ठणठणीत. मी काकांना विचारलं, तर ते म्हणाले, "थकली असंल." आणि पोळी न मोजताच खायला लागले. तेही नंतर माझ्या लक्षात आलं.

आमच्या वसाहतीत चाळीसेक मराठी घरांचं एक मंडळ आहे. गणपती, कोजागरी आणि हिवाळ्यात एक आरोग्य शिबिर, एवढे त्याचे उद्योग. मी बँकेत काम करतो, म्हणजे मला लिहिता येत असणार, असं धरून मला सेक्रेटरी केलेलं आहे. यंदाच्या शिबिराच्या बैठकीत रक्तदाब, साखर आणि डोळे अशी नेहमीची यादी मी वाचली. काका मागच्या खुर्चीवरून उठले.

"चौथं टेबल लावा," ते म्हणाले. "मनाचं."

अध्यक्ष बापट घसा खाकरून म्हणाले, "निमदेव, कल्पना चांगली आहे. पण लोक काय म्हणतील? मंडळानं वेड्यांचा कॅम्प घेतला?"

"डोळे तपासायला बोलावता तेव्हा आंधळ्यांचा कॅम्प म्हणता का?"

काकांनी सरकारी इस्पितळातल्या एका डॉक्टरीणबाईंना आधीच विचारून ठेवलं होतं. त्या फुकट यायला तयार होत्या. एक पानभर प्रश्न असतात, गेल्या दोन आठवड्यांत झोप कशी होती, भूक कशी होती, कशात मन लागतं का, असे. पाच मिनिटांचं काम. "त्यात कोणाला आजारी ठरवत नाहीत," काका म्हणाले. "चाळणी आहे ती. चाळणीवर काही राहिलं, तर ते पुढच्या टेबलावर नीट पाहायचं. तिथं कळतं खोट आहे का नाही. अन् असली तरी री-वर्क होतो. वेळेत सापडली तर. आमच्याकडे रिजेक्ट काय व्हायचं माहीत आहे? जे कोणी पाहिलंच नाही ते."

एवढ्यावर थांबले असते तर ते निमदेवकाका नव्हेत. त्यांची पुढची अट होती की प्रत्येकानं तपासून घ्यायचं. एकही घर सोडायचं नाही. मी म्हटलं, "काका, कारखान्यात तुम्ही लॉटमधून चार नग काढून बघत होतात ना? मग इथं दहाबारा जण आले तरी पुरे."

"नाही. शंभर टक्के."

मग मला घेऊन ते दारोदार फिरले. माझे तीन रविवार त्यात गेले. लोकांची उत्तरं ऐकण्यासारखी होती. एक बाई म्हणाल्या, आमच्याकडे कुणाला मनाचं काही नाही, आम्ही रोज गच्चीवर फिरतो. एक गृहस्थ म्हणाले, मला नको, पण माझ्या मेव्हण्याला न्या, मी पत्ता देतो. एकानं तर फॉर्म घरी पाठवा म्हटलं, बायको भरून देईल, माझे सगळे फॉर्म तीच भरते. काका प्रत्येकासमोर तेवढ्याच शांतपणे म्हणत, "हो हो. तुम्ही ठीकच आहा. पण शंभर टक्के करून राहिलो न आम्ही, तुमच्या एका नावासाठी लॉट अडकंल." या 'लॉट अडकंल'ला लोक का कोण जाणे घाबरले. निम्मे लोक कारखान्यातलेच होते, कदाचित म्हणून असेल.

शिबिराच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये चार टेबलं लागली. चौथ्यावर डॉक्टर मॅडम, कोपऱ्यात, पडद्याआड. पडद्याबाहेर रजिस्टर घेऊन मी. आणि माझ्या शेजारी काका, ताठ उभे. मॅडमनी त्यांना पहिल्याच मिनिटाला बजावलं होतं, "अंकल, फॉर्म आप नहीं देखेंगे. किसी का भी नहीं." काकांनी मान डोलावली, पण लोक किती वेळ घेतात ते पाहायला त्यांना कुणी बंदी केली नव्हती.

माझाच नंबर पहिला लावला. मी आत गेलो आणि सगळीकडे 'बिलकुल नहीं'वर खूण करून बाहेर आलो.

"चाळीस सेकंद," काका घड्याळ बघत म्हणाले. "बँकवाले, चाळीस सेकंदात तर प्रश्न वाचूनही होत नाहीत. परत जा."

मी चिडलो. चारचौघांत हे काय? पण मागे रांग होती, म्हणून परत गेलो आणि या वेळी प्रश्न वाचले. झोपेच्या प्रश्नावर माझी पेन्सिल थांबली. मार्चपासून, बँकेत नवी टार्गेटं आल्यापासून, मी पहाटे तीनला जागा होतो आणि छताकडे बघत पडतो. साताऱ्याला रोज फोन होतो, पण हे मी बायकोलाही बोललो नव्हतो. मला ते बोलण्यासारखं वाटलंच नव्हतं. त्या रकान्यात खूण केली आणि का ते ठाऊक नाही, पण खूप दिवसांनी मला बरं वाटलं. मॅडमनी चार गोष्टी सांगितल्या आणि महिन्याभरानं पुन्हा भेटायला बोलावलं. काकांनी काही विचारलं नाही. "आता ठीक," एवढंच म्हणाले.

खरी बहार आणली पाठक सरांनी. सर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, हे त्यांनी फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं तेवढं नेमकं वाचलं. आयुष्य मुलांना शून्यं देण्यात गेलेलं, स्वतः ते शून्य घेणार कसे? तीन म्हणजे सगळ्यांत जास्त त्रास, हे न बघता त्यांनी सगळीकडे तीन-तीन गुण घेतले. मॅडम दचकून उठल्याच. त्यांनी सरांना पाणी दिलं, जवळ बसवलं आणि अतिशय हळुवारपणे विचारायला सुरुवात केली, तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, पैकीच्या पैकी आए हैं ना?" पडद्याबाहेर रांगेतले सगळे हसले. पुन्हा फॉर्म भरताना सरही हसले. त्यानंतर रांगेतला ताण गेला. लोक आत जाताना एकमेकांना 'ऑल द बेस्ट' म्हणायला लागले.

एक वाजेपर्यंत रजिस्टरमधली जवळजवळ सगळी नावं झाली. दोन उरली होती. त्यातलं पहिलं कुसुम निमदेव.

काकू सकाळपासून हॉलमागच्या स्वयंपाकघरात होत्या. सगळ्यांसाठी पोहे मी करते, असं त्यांनी आपणहून सांगितलं होतं. पोहे दहालाच संपले होते. मग त्यांनी भांडी घासायला घेतली. मग घासलेली भांडी पुसायला घेतली. काका दर दहा मिनिटांनी त्या दाराशी जात आणि आत न जाता परत येत. मॅडम कागद आवरायला लागल्या.

"काका, मी बोलावू का काकूंना?" मी विचारलं.

"नको." त्यांनी माझा दंडच धरला. "बोलावू नका. बोलावलं की बिघडंल."

आणि मग पडद्याला पाठ करून, खालच्या आवाजात, त्यांनी मला सांगितलं. दिवाळीनंतर ते काकूंना याच मॅडमकडे घेऊन गेले होते. इस्पितळाच्या फाटकापर्यंत काकू आल्या. मनोरोग विभागाची पाटी वाचली आणि ऑटोतून उतरल्याच नाहीत. "मला एकटीला काढून तपासू नका," म्हणाल्या, "मी आयुष्यभर सगळ्यांमध्ये राहिलेली बाई आहे." घरी येऊन त्या पंधरा दिवस एक शब्द जास्त बोलल्या नाहीत.

"एक नग बाजूला काढला की त्याला वाटतं आपल्यातच खोट आहे," काका म्हणाले. "म्हणून म्हटलं, अख्खा लॉटच लावू. सगळ्यांमध्ये ती पण एक. काहून म्हणून कोणी विचारणार नाही." त्यांनी माझा दंड सोडला. "तुमचे तीन रविवार गेले. माफी मागतो."

चाळीस घरांचे जिने हा माणूस पासष्टी उलटल्यावर चढला होता तो एका बाईनं एका खुर्चीवर बसावं म्हणून, आणि मी तिन्ही रविवार त्यांच्या मागून मनातल्या मनात त्यांना शिव्या देत चाललो होतो. मी रजिस्टरमध्ये तोंड घातलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. रिकाम्या हॉलभर त्यांनी एकदा नजर फिरवली.

"सगळ्यांचं झालं?" त्यांनी मला विचारलं.

"झालं, काकू."

"पाठक सरांचं पण? हसून राहिले होते सगळे, ऐकू आलं मला." त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं, पुष्कळ दिवसांनी. "चलो मग. माझं पण लिहा."

काकांनी धावत जाऊन खुर्ची पुसली. पुसलेली खुर्ची हलवून पाहिली. ती डुगडुगते असं वाटून दुसरी आणली आणि तिच्या मागे उभे राहिले. "अंकल, आप बाहर," मॅडम म्हणाल्या. काका पडद्याबाहेर माझ्याजवळ आले. इतरांना पाच मिनिटं लागली होती. पाच झाली, दहा झाली. आतून काकूंचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण त्या बोलत होत्या. काकांनी एकदाही घड्याळ पाहिलं नाही. पंचवीस मिनिटं तरी झाली असतील, तेव्हा मॅडमनी पडदा बाजूला केला.

"घबराने की बात नहीं है, अंकल. लेकिन आंटी को एक बार ठीक से देखना पड़ेगा. गुरुवार को आ जाइए. अच्छा हुआ, अभी पता चल गया."

"आकडा किती आला?" काकांनी सवयीनं मराठीतच विचारलं, आणि मग स्वतःच हात हलवून, "नहीं नहीं, रहने दीजिए," म्हणाले.

मी काकूंच्या नावापुढे खूण केली. काकू माझ्या खांद्यावरून रजिस्टरात बघत होत्या. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण आवाज मोकळा होता. "अन् हे कोण राहिलं?" त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं. उरलेलं दुसरं नाव मनोहर निमदेव होतं.

"माझं काय," काका घाईनं म्हणाले. "आपलाच माल आपण पास करायचा नाही. नियम आहे कारखान्याचा."

"मग मी करते न." काकूंनी मॅडमच्या हातातून कोरा फॉर्म आणि पेन्सिल घेतली. "बसा."

मी उठायला लागलो. काकू म्हणाल्या, "तुम्ही बसा हो, घरचेच आहा." काका खुर्चीच्या टोकावर बसले. काकू हिंदीतला एकेक प्रश्न वाचून मराठीत विचारायला लागल्या. झोप? ठीक. भूक? ठीक. थकवा वाटतो का? नाही. काका फटाफट उत्तरं देत होते, मी चाळीस सेकंदांत दिली होती तशीच. काकू खुणा करत होत्या आणि अधूनमधून चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहत होत्या.

"घरात माणूस असूनही एकटं वाटतं का?" काकूंनी विचारलं. "कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, रोज. चारातलं एक सांगा."

काका टेबलावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले.

"अहो."

"रोज," काका म्हणाले. "तू बोलेनाशी झालीस तेव्हापासून."

काकूंनी त्या रकान्यात खूण केली. पेन्सिल बराच वेळ तिथंच टेकलेली राहिली.

"मी पण तिथंच केली," त्या म्हणाल्या.

काकांनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. मग ते उठले, आपली खुर्ची ओढून काकूंच्या शेजारी आणून बसले, आणि पर्स आवरत थांबलेल्या मॅडमना म्हणाले, "मैडम, गुरुवार को दो लोगों का नंबर लगा दीजिए."